पालातला देव

इस्राएलाचा राजा दावीद यरुशलेमात गंधसरूच्या लाकडाच्या वाड्यात राहायला गेला. लढाया थांबल्या होत्या, शत्रू गप्प होते. अशा निवांतपणी त्याच्या मनाला एक गोष्ट टोचू लागली. आपण वाड्यात आणि देवाचा कोश, म्हणजे कराराची पेटी, अजून कनातीत! त्याने नाथान संदेष्ट्याजवळ मन मोकळे केले. नाथानाने आधी होकार भरला, पण त्याच रात्री त्याला जे ऐकू आले ते वेगळेच होते. तुम्हाला मिसर देशातून बाहेर काढले त्या दिवसापासून मी पालातूनच फिरत आलो आहे आणि एवढ्या काळात तुमच्यातल्या कुणालाही मी गंधसरूचे घर मागितलेले नाही, असा त्या निरोपाचा आशय आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात हा प्रसंग येतो. पुढे दावीदाचा मुलगा शलमोन मंदिर बांधतोच. पण देवाने ते मागितले नव्हते, ही नोंद मंदिराच्या सावलीत ग्रंथ जपणाऱ्यांनीही पुसली नाही. मला ही त्या ग्रंथातली फार मोठी गोष्ट वाटते.

हे पुस्तक त्या पालाविषयी आहे. पाल ही घराच्या आधीची पायरी, माणूस सुधारला की पाल सोडतो, असा समज आपल्यात शाळेपासून मुरलेला असतो. हिब्रू धर्मशास्त्राची समजूत निराळी आहे. घरेदारे, मळे, विहिरी असलेल्या लोकांनी आपल्या पालातल्या दिवसांची आठवण तिथे सणाने, कायद्याने, प्रार्थनेने जागी ठेवली आणि त्या आठवणीवर आपली शेते, राजे, मंदिर सारे घासून पाहिले. वाशीम जिल्ह्यात बसून हे ग्रंथ वाचले तर ही कसोटी फार जवळून कळते, असे माझे म्हणणे आहे. कारण इथे पालातून घरात आलेला एक मोठा समाज आहे, आणि अजून पालातच असलेली माणसेही आहेत.

आधी ग्रंथातले पाल पाहू. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात मम्रेच्या झाडांपाशी, भर उन्हात, अब्राहाम पालाच्या तोंडाशी बसला आहे. मान वर करतो तर समोर तीन अनोळखी माणसे. म्हातारा धावत जातो, जमिनीपर्यंत वाकतो, पाय धुवायला पाणी देतो, झाडाखाली बसा म्हणतो. सारेला सांगतो, तीन मापे सपीठ मळ आणि भाकरी टाक. स्वतः गुरांकडे पळतो, कोवळे वासरू निवडतो, दही-दूध आणतो आणि पाहुण्यांचे जेवण होईपर्यंत झाडाखाली उभा राहतो. सारा पालाच्या आडून ऐकते आहे. तुला मुलगा होईल, हे पाहुण्यांचे बोलणे ऐकून ती मनातल्या मनात हसते, आणि ते हसणे पाहुण्यांना कळते. चिरेबंदी वाड्यात ही कथा अशी घडली नसती. पालाला कडी-कोयंडा नसतो. आतली बाई आणि बाहेरचा वाटसरू यांच्यात एका कापडाचे अंतर असते. त्यामुळे पालात पाहुणा टाळता येत नाही, आणि तो पाहुणा देव असेल तर देवही टाळता येत नाही. वऱ्हाडातल्या वैशाखात ज्याने पालाच्या तोंडाशी बसलेला म्हातारा पाहिला आहे त्याला हे चित्र समजावून सांगायला नको. छत तापले की आत जीव गुदमरतो. वारा आणि सावली दोन्ही मिळतात ती पालाच्या तोंडाशीच.

ते पाल बकऱ्यांच्या काळ्या केसांचे. केस कातायचे, पिळायचे, मागावर लांब पट्ट्या विणायच्या आणि पट्टीला पट्टी शिवायची. कोरड्या हवेत विणीतून वारा खेळतो, चुलीचा धूर निघून जातो. पावसाचे थेंब पडले की केस फुगतात आणि वीण आपोआप घट्ट होते. अरबस्तानातले बदू अजूनही हेच करतात. गीतरत्नातली नायिका आपल्या सावळेपणाला केदारच्या पालांची उपमा देते ती या काळ्या कापडामुळे. आपल्याकडे ही विद्या धनगरांच्या घोंगडीत आहे. ऐन-ए-अकबरीने वाशीमच्या परिसरातल्या मानी, न वाकणाऱ्या हटकरांची नोंद घेतली आहे. त्या हटकर धनगरांची मेंढरे आजही या माळांवरून जातात आणि मालकाच्या खांद्यावर तीच घोंगडी असते, जी पावसात छत, थंडीत पांघरूण आणि बसायला सतरंजी होते.

आजचे पाल मात्र वेगळे. वाशीम-कारंजा पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावाबाहेर, बाजाराच्या मैदानाशेजारी ते दिसते. दोन बांबूंच्या कैच्या, वर आडवी काठी, तिच्यावर निळी ताडपत्री, ताडपत्री जिथे फाटली तिथे जुने लुगडे किंवा निवडणूक झाल्यावर उतरवलेला फ्लेक्स. कडेला दगड ठेवलेले, म्हणजे वारा आत शिरून छत उडवणार नाही. मेखा लोखंडी सळीच्या, दोरी प्लास्टिकची. तोंडाशी तीन दगडांची चूल, वाऱ्याकडे पाठ करून. पाल ठोकायचे काम बहुतेक बायांचे. एक हात मेखेवर, एका हातात दगड, आणि पोर कडेवर. शास्ते नावाच्या पुस्तकात याएल ही पालात राहणारी बाई पळून आलेल्या सेनापती सीसराला दूध पाजते आणि तो झोपल्यावर मेख त्याच्या कानशिलात ठोकते. वाचताना अंगावर काटा येतो. पण मेख आणि हातोडा तिच्या हाताला इतके सरावाचे कसे, हा प्रश्न पाल ठोकणाऱ्या बाया पाहिलेल्या माणसाला पडत नाही.

आता देवाचे पाल. निर्गमाच्या पुस्तकातले निवासमंडपाचे वर्णन पुष्कळ वाचक कंटाळून सोडून देतात. मी उलट सांगेन की ते सुताराच्या नजरेने वाचा. बाभळीच्या लाकडाच्या 48 फळ्या, त्यांना चांदीच्या बैठका, आडणे घालायला कड्या. आत तलम सुताचे 10 पडदे, प्रत्येक 28 हात लांब. त्यावर बकऱ्यांच्या केसांचे 11 पडदे, प्रत्येक 30 हात लांब, म्हणजे आतल्या पडद्यांहून दोन हात जास्त, खालचे नीट झाकले जावे म्हणून. त्यावर लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी, आणि सर्वांत वर आणखी एक जाड कातडी. केस पिळायचे काम बायांनी केले, हेही ग्रंथ आवर्जून सांगतो. म्हणजे आत सोने आणि निळा-जांभळा रंग असला तरी बाहेरून देवाचे घर आणि शेजाऱ्याचे पाल एकाच जातीचे. आणि प्रत्येक तुकडा सुटा होणारा. गणना नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात हा सगळा पसारा वाहायला छत असलेल्या 6 गाड्या आणि 12 बैल दिले जातात. पडद्यांसाठी 2 गाड्या आणि 4 बैल, फळ्या-खांबांसाठी 4 गाड्या आणि 8 बैल. ज्या घराण्याकडे कोश होता त्याला गाडी नाही, कोश खांद्यावरच न्यायचा. देवाच्या घराचा असा गाडी-बैलांनिशी मांडलेला हिशेब वाचला की तांड्यातल्या माणसाला तो आपल्या घरचा वाटेल.

कारण बंजाऱ्यांचा तांडा हा बैलांचा हिशेब होता. बंजारे म्हणजे लमाण. कोकणातले मीठ घाटावर, घाटावरचे धान्य खाली, वऱ्हाडचा कापूस थेट मिर्झापूरपर्यंत, सगळे बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून. या व्यापाराला लदेणी म्हणत. तांड्याचा नायक मुक्काम ठरवी, कारभारी व्यवहार पाही, भांडणतंटे तांड्यातल्या पंचायतीत मिटत. 1867 साली मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाडातून नागपूरला पोचली, पक्के रस्ते झाले, मिठाच्या व्यापारावर सरकारने हात ठेवला आणि लदेणी बसली. बैल विकले गेले, गोण्या फाटल्या आणि तांडे जिथे होते तिथे थांबले. बहुतेक ठिकाणी गावाच्या शिवाराबाहेर, टेकडीच्या उतारावर, कारण चांगली काळी जमीन आधीच कुणाची ना कुणाची होती. मानोरा, मंगरुळपीर, कारंजा या तालुक्यांतले तांडे असेच बसलेले आहेत.

या तांड्यांविषयी एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने एक टिपण लिहून ठेवले. त्यात बऱ्याच ठिकाणी पोलिसी संशय आहे, पण एक नोंद अनमोल आहे. तांड्यात हटाडिया नावाचा एक बैल असे. तो बालाजीला वाहिलेला. त्याच्या पाठीवर कधी ओझे ठेवत नसत. लाल रेशमाच्या झिरमिळ्या, घुंगरे, गळ्यात-पायात पितळी साखळ्या, कवड्यांच्या माळा असा तो नटलेला बैल तांड्याच्या पुढे संथ चाले. चालून थकला आणि जिथे बसला तिथे तांड्याचा मुक्काम पडे. माणूस आजारी पडला, जनावर आजारी पडले, संकट आले, तर नवस त्याच्या पायाशी बोलत.

आता गणनेचा नववा अध्याय उघडा. निवासमंडपावर मेघ उतरलेला असे. मेघ वर उठला की इस्राएलाने पाले उपटायची, मेघ थांबला की मुक्काम करायचा. दोन दिवस थांबला तर दोन दिवस, महिना थांबला तर महिना, वर्ष थांबला तर वर्ष. रात्रभर थांबून सकाळी उठला तर सकाळीच निघायचे. या दोन वर्णनांचा ऐतिहासिक संबंध मी जोडत नाही. सीनायचे रान कुठे आणि पैनगंगेचे खोरे कुठे! पण दोन्हीकडे एकच श्रद्धा आहे. कुठे थांबायचे हे माणसाने ठरवायचे नाही, आणि जो ठरवतो तो आपल्या पुढे, आपल्याच चालीने चालतो. आपण देवाला जातो ती यात्रा, तिथे वाट आपण निवडतो. इथे देव आपल्या पुढे जातो आणि माणसे त्याच्या मागे बिऱ्हाड आवरतात. गणनेच्या तेहतिसाव्या अध्यायात मुक्कामांची नुसती नावे आहेत, एकामागून एक. उपासकांना ती यादी रूक्ष वाटते. तांड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मुक्कामांची नावे पाठ असणे म्हणजे काय असते.

वाशीमला जमिनीची स्मृतीही फार जुनी आहे. प्राचीन वत्सगुल्म ते हेच, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 साली वाशीमला सापडला. त्यात ब्राह्मणांना गाव दान दिल्याची नोंद आहे. राजा जातो, राज्य जाते, तांब्यावर कोरलेली जमीन राहते. बंजाऱ्यांच्या परंपरेतही एक ताम्रपट आहे. 1630 च्या सुमारास शहाजहानचा वजीर आसफखान विजापूरवर चालून गेला तेव्हा भंगी आणि जंगी या नायकांचे तांडे त्याच्या फौजेला रसद पोचवत होते. त्यांच्याकडे एक लाख ऐंशी हजार बैल होते असे सांगतात. त्या सेवेबद्दल त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट मिळाला, अशी कथा आहे. त्यात काय दिले होते? लोकांच्या रांजणातले पाणी घेण्याचा हक्क, छपरावरचे गवत काढण्याचा हक्क आणि दिवसाला तीन खून माफ. एक बिघाही जमीन नाही. चालणाऱ्या माणसाने राजाकडे काय मागावे याची ही यादी आहे. पाणी, चारा आणि आपला न्याय आपण करण्याची मुभा. दोन्ही ताम्रपट शेजारी ठेवून पाहिले की वऱ्हाडच्या इतिहासाचे दोन पदर दिसतात, आणि शाळेत आपण एकच शिकतो.

अब्राहामाची गोष्टही अशीच आहे. हा सगळा देश तुझ्या वंशाला देईन असे देव त्याला पुन्हा पुन्हा सांगतो. आयुष्यभर त्या देशात तो पाले ठोकत फिरतो. बेथेल आणि आय यांच्या मध्ये पाल, मग दक्षिणेकडे पाल, मग मम्रेपाशी पाल. जिथे पाल ठोकतो तिथे पुष्कळदा वेदी बांधतो, म्हणजे पाल उचलले तरी दगड मागे राहतात. आणि त्याच्या नावाची जमीन किती झाली? सारा वारली तेव्हा तिला पुरायला त्याने हित्ती लोकांकडून एक गुहा आणि तिच्याभोवतीचे शेत 400 शेकेल चांदी मोजून विकत घेतले. तेवढीच. सौदा करताना मी तुमच्यात परका आणि उपरा आहे असे तो आधी सांगतो. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात हीच गोष्ट सगळ्या राष्ट्राला लागू होते. जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन देवाची, तुम्ही त्याच्याकडे उतरलेले पाहुणे. सातबारा हातात असलेल्या माणसाला हे वाचून अस्वस्थ व्हायला हवे. मला होते.

राजाशी असलेले पालाचे नातेही सरळ नाही. शलमोनाने मंदिराचे अर्पण केले त्या सोहळ्याच्या शेवटी लोक आनंदाने आपापल्या पालांकडे गेले, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात लिहिले आहे. तोवर लोक घरांत राहत होते. तरी बोलण्यात पालच. आपल्याकडेही सिमेंटची घरे झाली, पाण्याची टाकी झाली, शाळा झाली, तरी वस्तीला तांडाच म्हणतात आणि नायकाचा मान राहतो. पण शलमोनाच्या मुलाने, रहबामाने, वेठ आणि कर कमी करायला नकार दिला तेव्हा तेच पाल बंडाची हाक झाले. आपापल्या पालांकडे चला, अशी आरोळी उठली आणि राज्य दुभंगले. ज्याच्याकडे पाल आहे त्याला राजाला सोडून जाता येते. इंग्रज सरकारला हेच खुपले. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा हिंडणाऱ्या माणसाकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहत होता. हजेरी, परवाना, मुक्काम बदलला तर खबर. देशात अनेक ठिकाणी बंजाऱ्यांची नावे त्या यादीत आली. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला, विमुक्त हे नाव राहिले. पालात राहणाऱ्यांच्या धर्मशास्त्रात मात्र नियम असा की देशी आणि उपरा दोघांना एकच कायदा, कारण तुम्हीही मिसरात उपरे होता.

पोहरादेवीविषयी लिहिताना माझा हात जरा थांबतो, कारण तिथे माझी श्रद्धा आहे. 1739 साली जन्मलेले संत सेवालाल महाराज, गुरांमागे आणि तांड्याबरोबर फिरलेले. त्यांची समाधी मानोरा तालुक्यातल्या या गावी आहे, शेजारी जगदंबेचे देऊळ. रामनवमीला देशभरातून गोरमाटी, म्हणजे बंजारे, येतात. त्या दिवसांत माळावर पुन्हा मुक्काम पडतात, चुली पेटतात, गोरबोली ऐकू येते, आरशांच्या काचळ्या आणि फेटिया उन्हात चमकतात. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे नंगाऱ्याच्या आकाराचे भव्य बंजारा विरासत संग्रहालय उघडले. ज्या नंगाऱ्याच्या आवाजावर तांडा गोळा होई त्याची आता इमारत झाली. मला त्याचा अभिमान आहे. ज्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही त्यांना दगडात काही उभे करावेसे वाटले तर ते रास्तच आहे. दावीदालाही तसेच वाटले होते आणि देवाने त्याच्यावर राग धरला नाही. त्याला फक्त आठवण करून दिली की घर नव्हते तेव्हाही मी होतो. या पुस्तकात पोहरादेवीवरचे प्रकरण दावीदाच्या प्रकरणाला लागूनच ठेवले आहे ते याचसाठी.

मराठीत हे धर्मशास्त्र आले त्याच्याही मागे चालणे आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळावरून केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून निघाले. रमाबाई 1858 साली गंगामूळच्या रानात जन्मल्या. काही महिन्यांच्या असताना आईवडिलांनी त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगरावरून खाली आणले आणि तिथून त्या कुटुंबाची भटकंती सुरू झाली. तीर्थामागून तीर्थ, देवळाच्या ओवऱ्या, पुराण सांगून मिळेल ते. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, आणि रमाबाई व त्यांचा भाऊ चालत चालत 1878 साली कलकत्त्याला पोचले. ज्या बाईने मुक्कामांच्या त्या याद्या मराठीत आणल्या तिला मुक्काम म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आपल्याकडे तर बेने इस्राएल हे यहुदी आहेत, शेकडो वर्षे कोकणात तेलाचे घाणे चालवलेले, शनिवारी घाणा बंद ठेवलेले, मराठी बोलणारे. पुण्यातल्या लाल देवळाचे, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहाचे, खरे नाव ओहेल दाविद, म्हणजे दावीदाचे पाल. विटांची भक्कम इमारत, उंच मनोरा, आणि नाव पालाचे.

यहुद्यांच्या सणांत एक सण खास पालाचा आहे, मांडवांचा. पिके घरात आली की सात दिवस घर सोडायचे आणि फांद्या-पानांच्या मांडवात राहायचे. छत तोडलेल्या पाल्याचेच हवे, दाट हवे, पण रात्री त्यातून तारे दिसावेत. हा सण पौर्णिमेला सुरू होतो, भाद्रपदाच्या किंवा आश्विनाच्या. 2024 आणि 2025 मध्ये तो आपल्या कोजागरीलाच आला. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायातली आज्ञा नीट वाचण्यासारखी आहे. मांडवात राहायचे ते देशात जन्मलेल्या इस्राएलाने. म्हणजे ज्याला घर आहे त्यानेच. कणगी भरलेली आहे, भिंती पक्क्या आहेत, नेमक्या त्याच वेळी बाहेर ये आणि तुझे पूर्वज कशात राहिले ते अंगावर घे.

याच दिवसांत आपल्याकडे उलटा प्रवास सुरू होतो. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयते घेऊन ट्रकमध्ये चढतात. मराठवाड्यातून जास्त, आपल्याकडच्या तांड्यांतूनही. साखर कारखान्याच्या आवारात त्यांची कोपी उभी राहते. बांबूच्या कांबी वाकवायच्या, तट्टे लावायचे, वर उसाचे पाचट. आत उभे राहता येत नाही, वाकून शिरायचे. रात्री कोपीच्या फटीतून तारे दिसतात. पहाटे तीनला बाई उठून भाकरी थापते आणि मग उजाडायच्या आत फडात. मांडवांच्या सणात सात दिवस आहेत, कोपीत पाच-सहा महिने, आणि तिथे राहणाऱ्याने ते व्रत म्हणून घेतलेले नसते. कोपीचे गुणगान करणाऱ्या लेखनाची मला चीड आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात मांडवांच्या सणाच्या आनंदात कोणाला सामील करून घ्यायचे ते नावानिशी सांगितले आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरा, पोरका, विधवा. सणाचा मांडव ज्यांच्यासाठी रोजचे घर आहे अशी माणसेही या यादीत येतात.

म्हणून पालाची दुसरी बाजूही ग्रंथ लपवत नाही. हिज्कीया राजा मरणाच्या दारातून बोलतो तेव्हा आपले आयुष्य मेंढपाळाच्या पालासारखे उपटून नेले असे म्हणतो. यिर्मयाच्या दहाव्या अध्यायात उद्ध्वस्त नगरी पालातल्या बाईसारखी रडते. दोऱ्या तुटल्या, लेकरे गेली, पाल पुन्हा उभारायला कुणी उरले नाही. यशयाच्या चौपन्नाव्या अध्यायात मात्र निपुत्रिक बाईलाच सांगितले आहे की जागा वाढव, दोऱ्या लांब कर, मेखा घट्ट ठोक, आता तुझी माणसे वाढणार आहेत. उजाड झालेल्या नगरीला दिलेला हा धीर पालाच्या भाषेत आहे, किल्ल्याच्या नाही. घर वाढवायला गवंडी लागतो, पाल वाढवायला एक पट्टी जास्त शिवली की झाले.

आणि मग रेखाबी. यिर्मयाचा पस्तिसावा अध्याय हे माझ्या मते या विषयाचे मर्म आहे. योनादाब नावाच्या पूर्वजाने या कुळाला सांगून ठेवले होते. द्राक्षारस पिऊ नका, घर बांधू नका, बी पेरू नका, मळा लावू नका, आयुष्यभर पालात राहा. पिढ्यानपिढ्या त्यांनी ते पाळले. बाबेलच्या राजाची, नबुखद्नेस्सराची, फौज आली तेव्हा जीव वाचवायला ते यरुशलेमात शिरले. यिर्मयाने त्यांना मंदिराच्या खोलीत बोलावले आणि द्राक्षारसाने भरलेले प्याले पुढे ठेवले. ते म्हणाले, आम्ही पीत नाही, आणि का पीत नाही हेही सांगितले. नगराला वेढा पडायची वेळ, पाले सोडून तटबंदीच्या आत यावे लागलेले, चहूबाजूंनी भिंती, आणि अशा वेळीही त्यांनी आपला नेम सोडला नाही. यिर्मया त्यांना पालात राहिल्याबद्दल शाबासकी देत नाही, दिलेला शब्द पाळला म्हणून देतो. शहरवासीयांना तो म्हणतो, यांनी आपल्या पूर्वजाचे ऐकले, तुम्ही देवाचेही ऐकत नाही.

हा फरक मला फार मोलाचा वाटतो. रेखाबींनी पाल निवडले होते. बाजाराच्या मैदानावरच्या ताडपत्रीत राहणाऱ्याने ते निवडलेले नसते. त्याच्याकडे रहिवासाचा दाखला नाही म्हणून रेशनकार्ड नाही, रेशनकार्ड नाही म्हणून जातीचा दाखला अडतो, तो अडला की घरकुल अडते. भटक्या-विमुक्तांना जागेसह घर देणारी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, तांड्यांच्या सुधारणेसाठी वसंतराव नाईकांच्या नावाची योजना आहे. वसंतराव स्वतः शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यात 1913 साली जन्मले आणि 1963 ते 1975 राज्याचे मुख्यमंत्री होते. ज्याला घर हवे त्याला ते मिळालेच पाहिजे, त्यात आडपडदा नको. पालाचे माहात्म्य सांगून कुणाला पालात ठेवता येणार नाही. हिब्रू धर्मशास्त्रातली पालाची शिकवण घर असलेल्यांना आहे, आणि वाशीममध्ये आज ती गावकऱ्यांना जितकी, तितकीच घर मिळालेल्या आम्हा तांडेकऱ्यांनाही लागू आहे. आमच्याच तांड्याच्या शिवाराला एखाद्या नाथजोग्याचे किंवा वैदूचे पाल पडले की आम्ही त्याला काय म्हणतो, याकडे आम्ही बघायला हवे.

पुढची प्रकरणे ग्रंथाच्या क्रमाने आहेत, पण वाचकांनी क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. ज्यांना कथा आवडतात त्यांनी सारेच्या पालापासून सुरुवात करावी. सारा गेल्यावर इसहाक रिबकेला त्याच पालात घेऊन येतो, त्याच वंशातली राहेल बापाच्या मूर्ती उंटाच्या खोगिरात लपवून पालात त्यावर बसून राहते, आणि बायकांच्या पालांची ही साखळी स्वतंत्र वाचण्याजोगी आहे. ज्यांच्या घरात अजून कुणी लदेणीच्या गोष्टी सांगणारे म्हातारे आहेत त्यांनी गणनेचा नववा आणि तेहतिसावा अध्याय त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि ते मध्येच थांबवून जे सांगतील ते लिहून घ्यावे. पुढच्या आवृत्तीत त्या मुक्कामांसाठी पाने राखून ठेवली आहेत.